पलंग आखूड होता आणि आम्ही हसलो

आधीच सांगतो, ‘एवढा शिकलेला माणूस फसतो कसा’ हे माझ्या सासरचे सगळे बोलून झालेत. तुम्ही नव्याने बोलू नका. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. मिलिमीटरच्या दशांश फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवतो. आणि ८७ लाख ६६ हजारांचं घर मी एकदाही टेप न लावता घेतलं.

हिशेब असा. करारातली किंमत ७८,००,०००. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५,४६,०००. नोंदणी ३०,०००. जीएसटी ५ टक्के, ३,९०,०००. यात देखभालीचे दोन वर्षांचे आगाऊ ९९,१२० धरलेले नाहीत. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ या शब्दात ते बसत नव्हते म्हणे. (एकट्या बायकोच्या नावावर घेतलं असतं तर मुद्रांकात १ टक्का सवलत होती. ७८,००० वाचले असते. दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही. हे सांगायलाही कोणी बसलेलं नव्हतं.)

२०२२चा गुढीपाडवा, शनिवार. पश्चिम पुण्यातली साइट. पाडव्याची ऑफर रात्री बारापर्यंत, या भावात शेवटचे तीन फ्लॅट, ‘सरांना विचारून येतो’ म्हणून आत जाऊन चहा पिऊन येणं, ही नाटकं तुम्हाला माहीत आहेत. मलाही होती. पण घरमालकाने मेअखेर घर सोडायला सांगितलं होतं, पोरगा नववीत जाणार होता आणि मी सहा महिन्यांत एकोणीस साइट बघितल्या होत्या. विसाव्या साइटवर माणसाचं डोकं चालत नाही.

आता सँपल फ्लॅट, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला सजवलेला. आतल्या खोलीत पलंग होता, पांढरी चादर, सहा उशा. पोरगा दमला होता, जाऊन आडवा झाला. त्याची उंची तेव्हा साडेपाच फुटांच्या आतच होती. आणि त्याचे पाय घोट्यापासून पलंगाबाहेर. कराडहून आलेले अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, “पोरगं वाढलं का पलंग आखूड हाय रं?” आम्ही सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने तो सेल्सचा पोरगा हसला. मीच अण्णांना म्हटलं, “अहो, हल्लीची पोरं उंचच असतात.”

खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड. उत्तर समोर होतं. अण्णांनी प्रश्न म्हणून ते हातात दिलं होतं. आणि मी ते हसून घालवलं. कामावर एखाद्या पोराने माप तपासायच्या गेजमध्ये पार्ट बसत नाही म्हटल्यावर ‘हल्लीचे पार्ट मोठेच असतात’ असं मी म्हणालो असतो, तर नोकरी गेली असती.

ताबा मिळाल्यावर दुसऱ्या टॉवरचं गिऱ्हाईक बनून मी पुन्हा तिथे गेलो, या वेळी खिशात टेप घेऊन. पलंग ५ फूट २ इंच लांब. कपाट १६ इंच खोल, त्यात हँगर आडवा लागतच नाही. कुठल्याच खोलीला दार नाही, कारण दार असलं की उघडावं लागतं. स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी (धुण्याभांड्यांची छोटी गॅलरी) यांमधली भिंत गायब. आमच्या खऱ्या खोलीत आमचा साडेसहा फुटी पलंग टाकला की कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं.

आणि क्षेत्रफळ. तोंडी सांगितलं ‘साडेसातशे कार्पेट’. करारात आकडा ६२.४० चौरस मीटर. चौरस मीटरला १०.७६४ने गुणायचं, की येतात ६७१ चौरस फूट आणि काही. उरलेले ७८ फूट म्हणजे बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी, ७.३० चौरस मीटर, करारात वेगळ्या ओळीत. रेरा कायद्यात (बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा) कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसकट वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांची पोकळी), बाल्कनी त्यात येत नाही. मी १०,४०० रुपये फुटाचा भाव धरून भावाला फुशारकीने सांगितलं होतं. खरा पडला ११,६१३. कागदावर कोणी खोटं बोललेलंच नाही. खोटं सगळं तोंडी, खरं सगळं लेखी, आणि लेखी भाग पान ४७ला. तिथेच लिहिलंय की सँपल फ्लॅट केवळ सूचक आहे.

दराचं दुसरं दुखणं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे दस्तांची सूची २ दिसते. कोणता फ्लॅट किती रुपयांना नोंदला, सगळं. माझ्याच लाइनमध्ये तीन मजले वर, माझा करार नोंदला त्याच जूनमध्ये, तेवढाच फ्लॅट ७१,४०,०००ला. ६,६०,००० रुपयांचा फरक आणि वर हवा जास्त. टोकन (बुकिंगची पहिली रक्कम) द्यायच्या आधी ती सूची बघा, रेट कार्ड नंतर.

टोकन मी १,००,००० दिलं आणि पंधरा दिवसांत ‘रेट लॉक’च्या नावाखाली एकूण १५,६०,०००. करार नोंदवायच्या आधी. रेराचं कलम १३ सांगतं, नोंदणीआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे ७,८०,०००. मी त्याच्या दुप्पट दिले, तिथेच माझं पाऊल मागे फिरायचं बंद झालं.

बांधकामाचं तर बोलायलाच नको. पहिल्या पावसाळ्यात बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचं जिप्सम प्लॅस्टर पापुद्र्यासारखं सुटलं. गवंड्याने नाण्याने ठोकून दाखवलं, हॉलच्या ६२ टाइलपैकी २३ पोकळ वाजतात. बाथरूमचा उतार दाराकडे. ताब्याच्या दिवशी एक नाणं, एक बादली आणि उतार बघायला एक गोटी न्या. बाथरूमची जाळी कापडाने बंद करून पाणी तुंबवून ठेवा, दोन दिवस. चावी घेताना पेढे खाऊ नका. मी खाल्ले.

तक्रार केली. तिकीट नंबर मिळाला. इंजिनिअर आला, भिंतीला हात लावून म्हणाला, “खिडक्या उघड्या ठेवत जा.” पोलीस ठाण्यात मलाच विचारलं, फ्लॅट ताब्यात आहे ना? मग फसवणूक कुठे? दिवाणी बाब आहे. बांधकाम खात्यात तीन चकरा, त्यातल्या दोनदा साहेब साइटवर (कोणाच्या, देव जाणे). तिसऱ्यांदा भेटले तर म्हणाले, भोगवटा पत्र (राहायची परवानगी) दिलंय, टाइल वाजवून बघणं आमचं काम नाही. मग कोणाचं? त्यांनी खांदे उडवले. शेवटी रेराकडे रीतसर तक्रार, फी ५,००० रुपये. सात महिन्यांनी पहिली तारीख, व्हिडिओवर. सुनावणी सहा मिनिटांची, त्यातली चार ‘तुमचा आवाज येत नाहीये’ यात गेली. उरलेल्या दोनमध्ये समोरच्या वकिलाने मुदत मागितली, ती मिळाली. माझ्यापाशी १४० फोटो आहेत, एकही कोणी उघडलेला नाही. कायदा म्हणतो, ताब्यापासून पाच वर्षांत कामाचा दोष दाखवला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. कलम १४. तीस दिवस कधीपासून मोजायचे, हे मी तीन ठिकाणी विचारलं. तीन उत्तरं मिळाली.

त्यामुळे तक्रार तोंडी करू नका, ईमेल करा, तारखेसकट.

वॉटरप्रूफिंगवाल्याने ४८,००० सांगितलेत. स्वतः करून घेतलं तर पुरावा जातो, नाही केलं तर भिंत. पोरगा आता पावणेसहा फूट झालाय. हॉलमध्ये झोपतो.