रायटिंग स्टडीजसाठी रिसर्च मेथड्सचा ऑनलाइन कोर्स: कोडिंग भारी, स्टॅट्स पळवलंय

आठ आठवड्यांचा कोर्स, परवाच संपला. नाव देत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे. मी भाषा शिकवते, मुलांच्या निबंधांचे कच्चे खर्डे वर्षानुवर्षं जपून ठेवलेत, पण त्यांचं नेमकं करायचं काय ते कळत नव्हतं, म्हणून नाव घातलं.

पहिले दोन आठवडे इतिहास. ठीक. त्यातलं जॅनेट एमिग या संशोधिकेचं काम तेवढं लक्षात राहिलं. तिने १९७१ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी बारावीतली फक्त ८ मुलं घेतली आणि त्यांना मोठ्याने बोलत बोलत लिहायला लावलं, आणि तेवढ्यावर लेखनप्रक्रियेचा अभ्यास किती पुढे गेला बघा. "सॅम्पल लहान आहे हो" म्हणत रडणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हे ऐकावंच.

खरा माल तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, कोडिंग. म्हणजे प्रोग्रॅमिंग नाही, मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकाला लेबल लावायचं, ते. तुकडा मोजायला टी-युनिट शिकवलं, केलॉग हंटने १९६५ मध्ये मांडलेलं: एक मुख्य वाक्य आणि त्याला लटकलेली सगळी गौण वाक्यं मिळून एक युनिट. ऐकायला सोप्पं. मग आम्ही जोडीने मराठी निबंध घेतले आणि पहिल्याच पानावर "पाऊस आला म्हणून आम्ही परत फिरलो" वर अडलो. पार्टनर म्हणाला एकच युनिट, मी म्हटलं दोन, कारण शाळेच्या व्याकरणात हा "म्हणून" परिणामबोधक, म्हणजे दोन्ही वाक्यं बरोबरीची. पण "गाडी मिळावी म्हणून लवकर निघालो" मधला "म्हणून" उद्देश सांगतो, तिथे गौण वाक्य, युनिट एकच! या एका शब्दावर आमचा पाऊण तास गेला आणि शेवटी कोडबुकमध्ये (लेबलं लावायच्या नियमांच्या वहीत) नियम लिहिला, उदाहरणासकट. त्या पाऊण तासात जे शिकले ते सगळे व्हिडिओ मिळूनही शिकले नसते.

मग कोहेनचा कप्पा (ग्रीक अक्षर, खण नव्हे), म्हणजे दोघांची लेबलं योगायोगापलीकडे किती जुळतात ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळली तर १. आमचं १०० पैकी ८० तुकड्यांवर "दावा आहे / नाही" हे लेबल जुळलं, आम्ही खूश. पण दोघांनीही ७० तुकड्यांना "दावा" म्हटलेलं, म्हणजे त्याच प्रमाणात डोळे मिटून लेबलं लावली असती तरी सरासरी ५८ जुळलीच असती. हिशोब करा, ८० वजा ५८ म्हणजे २२, भागिले ४२ (१०० वजा ५८), कप्पा आला ०.५२. सगळी हवा गेली. इन्स्ट्रक्टरने इथे छान सांगितलं की आकडा वाढवायला एकमेकांची लेबलं बघून बदलू नका, आधी व्याख्या दुरुस्त करा आणि नवीन तुकड्यांवर परत करून बघा.

आता तक्रार. सहावा-सातवा आठवडा स्टॅटिस्टिक्स, आणि तो असा पळवलाय की टी-टेस्टपासून रिग्रेशनपर्यंत दोन आठवड्यात सगळं संपलं पण एकाच मुलाचे तीन खर्डे हे तीन वेगळे नमुने धरायचे नसतात हे कुणी सांगितलंच नाही, ते मला विचारावं लागलं आणि उत्तर चार दिवसांनी आलं. लेखनाच्या डेटात तर हा प्रश्न पदोपदी येतो! सॉफ्टवेअरमध्ये अँटकाँक दाखवलं, फुकट आहे, शब्द आजूबाजूच्या संदर्भासकट शोधायला मस्त. त्यात "म्हणून" टाकून बघितलं तर ओळीमागून ओळ तोच गोंधळ.

विद्यार्थ्यांची लेखी संमती घेण्यावर एकच दहा मिनिटांचा व्हिडिओ, तोही शेवटच्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात हवा होता, कारण माझे निम्मे जुने खर्डे संमतीशिवायचे निघाले, ते आता वापरता येणार नाहीत.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचा असेल तर आधीच पार्टनर शोधून ठेवा, एकट्याने केलात तर कोडिंगचा भाग नुसता बघून होईल. स्टॅट्स दुसरीकडून शिका. मी उरलेले खर्डे घेऊन परत बसतेय, कोडबुकची चौथी आवृत्ती सुरू आहे आणि पार्टनरला "म्हणून" अजून पटलेला नाही.