पियानोकडे परतायचंय: जुना अपराइट घ्यावा की डिजिटल?

लहानपणी मुंबईत शेजारच्या इमारतीतल्या एका मिसकडे मी तीन वर्षं पियानो शिकले. दहावीला क्लास सुटला तो सुटलाच. परत बसले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती, घर पुण्यात होतं आणि शिकवायला कुणी नव्हतं. मधल्या काळात घरात पेटी होती, त्यामुळे बोटं अगदीच गंजली नसतील असा माझा समज होता. तो पहिल्या संध्याकाळीच गळाला. उजवा हात दहा मिनिटांत ओळखीचा झाला. डावा मात्र बालवाडीत.

कारण साधं आहे. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. शिवाय पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, फार फरक पडत नाही. धरून ठेवलेला सूर मागाहून फुगवताही येतो. पियानोत हातोडी तारेवर आदळली की खेळ संपला, पुढे तो सूर फक्त विरत जातो. जे काही सांगायचं ते पट्टी खाली जाताना, बोटाच्या वेगातूनच. म्हणून वाद्य निवडताना मी एकच कसोटी लावते: डाव्या हाताला हळू वाजवायला हे वाद्य शिकवेल का?

घरात मुलांचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पडलेला असेल तर पहिला मोह त्यावर भागवण्याचा होतो. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याच्या काळातल्या वाद्यांचा विस्तार चार-पाच सप्तकांचाच होता, त्यामुळे सुरुवातीच्या तुकड्यांना सूर सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतं ते वजन. स्प्रिंगवरच्या हलक्या पट्ट्यांची सवय लागली की खऱ्या पियानोवर निम्मे सूर उमटतच नाहीत. मन लागतंय का हे पाहायला महिनाभर ठीक, त्यापुढे नको.

खरी निवड जुना अपराइट (म्हणजे उभ्या खोक्याचा, तारांचा खरा पियानो) आणि 88 पट्ट्यांचा डिजिटल यांच्यातच आहे, आणि मी तिच्यावर वर्षभर घोळ घातला.

अपराइटची ओढ मला पूर्ण कळते. साधारण 230 तारा, त्यांचा मिळून कित्येक टनांचा ताण, तो पेलणारी बिडाची चौकट. पेडल दाबून एक सूर वाजवला की न वाजवलेल्या ताराही गुणगुणतात. डिजिटलमध्ये हे सगळं ध्वनिमुद्रित नमुने आणि गणित वापरून उभं केलेलं असतं. बरंच चांगलं असतं, पण ते स्पीकरमधून येतं, लाकडातून नाही. नवा अपराइट काही लाखांच्या घरात जातो, म्हणून आपल्यासारखे हौशी जुन्याकडे वळतात. मुंबई-गोव्याकडच्या एखाद्या कुटुंबाचा, आजीच्या वेळचा, ‘फक्त ट्यूनिंग करून घ्या’ असं सांगून विकायला काढलेला.

या ‘फक्त’पाशी थांबा. फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप घ्या आणि मधल्या सी-वरचा ए, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी सहा, वाजवून पाहा. तो 440 हर्ट्झच्या आसपास हवा. अ‍ॅपने काळी चार (जी शार्प) दाखवली तर अख्खा पियानो अर्धा सूर उतरलेला आहे. मग प्रश्न एवढाच की तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या अजून घट्ट आहेत का. ज्या लाकडात त्या रोवलेल्या असतात ते सैल झालं असेल, तर आज लावलेला सूर पंधरवड्यात घसरतो आणि ती दुरुस्ती पियानोच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. मागचं झाकण उघडून वाळवी बघा, हातोड्यांच्या फेल्टला कसर लागलीय का तेही बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या खाली जाऊन वर यायला कुरकुरतात. माझ्या ओळखीच्या एका घरी पियानोच्या पोटात छोटा बल्ब चार महिने जळत असतो, ओल धरू नये म्हणून. वर्षातून दोन वेळा ट्यूनिंग, आणि लहान गावात राहत असाल तर ट्यूनरचा, म्हणजे पियानो सुरात लावून देणाऱ्या माणसाचा, प्रवासखर्च वेगळा. पियानो शोधण्याआधी ट्यूनर शोधा. तो मिळत नसेल तर पुढचा विचारच नको.

आणि दोन-अडीचशे किलोचं धूड जिन्यावरून वर चढवायचं कसं, हे सोसायटीतल्या प्रत्येकाने आधी डोळ्यांसमोर आणावं. मी आणलं. तिसरा मजला, अरुंद वळण.

डिजिटलची बाजू रुक्ष वाटते, पण नोकरी करणाऱ्या माणसाला ती जिंकते एका कारणाने: रात्री साडेदहा. आपला रियाझाचा वेळ तोच असतो, आणि त्या वेळी अपराइटचं मधलं पेडल दाबून तारांपुढे फेल्टची पट्टी आणली तरी भिंतीपलीकडच्या काकांना झोप लागत नाही. हेडफोनने तो प्रश्न मिटतो. पूर्ण नाही, हेही सांगते. पट्टीचा ठोका स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून खालच्या घरात जातो. मी खाली जाड सतरंजी दुमडून घातल्यावर तक्रार थांबली.

चाळीस ते साठ हजारांच्या पट्ट्यात यामाहा, रोलँड, कासिओ यांची सुरुवातीची मॉडेलं मिळतात. जाहिरातीतले शेकडो आवाज आणि ताल विसरा, तुम्ही एकच आवाज वापरणार आहात. बघायचं ते पट्ट्यांचं वजन आणि पेडल. यामाहाची स्वस्त मॉडेलं हाताला थोडी हलकी लागतात. रोलँडच्या एफपी-10 मध्ये पट्टी हळू दाबली की मध्येच बारीकसा अडखळा जाणवतो, खऱ्या पियानोत असतो तसा, आणि मला तो आवडला. सोबत मिळणारं चिमुकलं पेडल बहुधा चालू किंवा बंद एवढंच जाणतं, आणि अर्धं पेडल, म्हणजे पेडल अर्धवटच दाबणं, शिकायचं तर वेगळं घ्यावं लागतं. इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड मात्र घेऊ नका, फोर्टे, म्हणजे जोरात वाजवायची जागा, आलं की डुलतो.

दुकानात जाताना पोलिश संगीतकार शोपँचं ई मायनरचं प्रील्यूड (छोटा तुकडा), ओपस 28 मधलं चौथं, तेवढ्यापुरतं शिकून जा. जेमतेम 25 मापांचं, म्हणजे तालाच्या 25 आवर्तनांएवढं, आहे. डाव्या हाताला सलग, दबक्या कॉर्ड, एकेक सूर बदलत खाली सरकणाऱ्या. ज्या वाद्यावर त्या कुजबुजीसारख्या वाजतात ते घ्या. जिथे त्या एकतर उमटत नाहीत किंवा एकदम ओरडतात, तिथून निघा, मग तो पन्नास हजारांचा डिजिटल असो की आजीच्या वेळचा जर्मन अपराइट. याच कसोटीवर मी पाहिलेले दोन जुने अपराइट नापास झाले.

शिक्षक हवा की नको, यावर माझं मत मधलं आहे. सूर वाचणं, बोटांचे आकडे, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) हे एकट्याने जमतं. स्वरलिपी आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळते. जमत नाही ते मनगट आणि खांदा. मी आठ महिने खांदे उचलून वाजवत होते आणि मला पत्ता नव्हता, शेवटी दुखायला लागल्यावर फोनवर स्वतःचं चित्रण केलं. दर आठवड्याचा क्लास परवडत नसेल, वेळ नसेल, तर दोन महिन्यांतून एकदा कुणाला तरी हात दाखवा. ज्योतिष्याला दाखवतो तसाच. परीक्षेचा धाक हवा असणाऱ्यांना एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाची परफॉर्मन्स ग्रेड सोयीची: चार तुकडे, एका दमात चित्रित करून पाठवायचे, स्केल्सची परीक्षा नाही. मला धाक नको होता, मी दिली नाही.

राहिला प्रश्न वाजवायचं काय. लहानपणी अर्धवट राहिलेलं पूर्ण करावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि ते बहुतेकदा बीथोवनचं ‘फ्यूर एलिझे’ असतं. सुरुवात बोटांत असते, म्हणून फसायला होतं. पुढे एफ मेजरमध्ये उजव्या हाताची धावपळ येते, त्यानंतर डाव्या हाताला एकाच ए-चा सतत ठोका, आणि गाडी तिथेच उभी राहते. मी तीन महिने तिथे उभी होते. त्याऐवजी बाखने पत्नी आना माग्दालेना हिला 1725 मध्ये दिलेल्या वहीतले मिन्युएट, म्हणजे नाचाच्या तालातले छोटे तुकडे, घ्या. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, जी मेजरमधलं, खरं तर बाखच्याच काळातल्या पेट्झोल्ड या संगीतकाराचं आहे. ते सरलं की बाखचे इन्व्हेन्शन, म्हणजे दोन हातांच्या दोन स्वतंत्र सुरावटींचे छोटे तुकडे, एकूण पंधरा. यात डावा हात साथीला नाहीच, उजव्याने म्हटलेलं तोच परत म्हणतो, कधी कधी आधी म्हणतो. भात्यावर आयुष्य काढलेल्या हातासाठी याहून कडक मास्तर नाही.

मी शेवटी डिजिटल घेतला. महिन्यातून एका रविवारी कोथरूडला मैत्रिणीच्या अपराइटवर तेच इन्व्हेन्शन वाजवून येते, पहिल्या पाच मिनिटांत निम्मे सूर गिळले जातात, मग हात जड होतो.