व्हायोलिनही, बायॉलॉजीही: अमेरिकेतलं कॉलेज निवडताना

आधी पदवीचं नाव बघा, कॉलेजचं नंतर. बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यासक्रम संगीताचाच असतो; संगीत विषय घेऊन केलेल्या बीएमध्ये तो एक तृतीयांशाच्या आसपास. संगीत आणि दुसरा विषय दोन्ही पूर्ण हवे असतील तर दुहेरी पदवी, म्हणजे बहुतेक ठिकाणी पाच वर्षं.

ओहायोतलं ओबर्लिन हे यातलं जुनं नाव. तिथली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे व्यावसायिक संगीतशिक्षणाची शाळा, 1865ची, आणि कॉलेज त्याच आवारात. प्रवेश मात्र दोन्हीकडे वेगवेगळा मिळवावा लागतो. विस्कॉन्सिनचं लॉरेन्स याच जातकुळीतलं, पण लहान. न्यू यॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजची कॉन्झर्व्हेटरी 2005ची. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांनी संगीताबाहेरच्या विषयात दुसरी पदवी घ्यायची हा नियमच आहे. दुसऱ्या विषयात खरंच रस असेल तर उत्तम, नाहीतर ते ओझंच.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं पीबडी आणि रॉचेस्टर विद्यापीठाचं ईस्टमन या संगीतशाळांचं नाव मोठं, पण दोन्ही मुख्य कॅम्पसपासून लांब, शहरात आहेत. कागदावर हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात केमिस्ट्रीची लॅब दुपारी तीन-चार तास चालते, ऑर्केस्ट्राचा सरावही बहुधा दुपारीच, आणि मध्ये बस. लॅब बुडवता येत नाही, सरावाला गैरहजर राहून चालत नाही. इतिहास किंवा गणित घेणाऱ्याचं निभतं. मेडिकलच्या तयारीतल्यांनी आत्ता तिथे दोन्ही पदव्या करत असलेल्या एखाद्याचं आठवड्याचं वेळापत्रक मागून घ्यावं. माहितीपत्रकात ते नसतं.

शिवाय मोठ्या संगीतशाळांत मास्टर्स-डॉक्टरेटवाले असतात आणि ऑर्केस्ट्रातल्या पुढच्या खुर्च्या बऱ्याचदा त्यांच्याकडे जातात. ओबर्लिन, लॉरेन्समध्ये जवळजवळ सगळे पदवीचेच, त्यामुळे वाजवायला मिळतं. मला हा मुद्दा रँकिंगपेक्षा मोलाचा वाटतो.

हार्वर्ड आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचा संयुक्त कार्यक्रम वेगळ्या घडणीचा: पाच वर्षांत हार्वर्डची बीए आणि कॉन्झर्व्हेटरीची मास्टर्स. नाव ऐकून घरचे खूश होतील यात शंका नाही. पण बहुतेक काळ राहणं, जेवणं, वर्ग हार्वर्डचे. रियाझाची शिस्त स्वतःची स्वतःच लावायची. ज्याला आजूबाजूला सतत वाजवणारे लोक लागतात त्याला हे एकटं पडल्यासारखं वाटू शकतं. पैशाचंही बघा: आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात, गुणवत्तेवर शिष्यवृत्ती नसते, घरच्या उत्पन्नावरच मदत मिळते, कॉन्झर्व्हेटऱ्या चांगल्या ऑडिशनवर फी कमी करतात. ती सवलत पाचव्या वर्षीही चालू राहते का, हे लेखी विचारा.

या सगळ्याहून वर शिक्षक. चार-पाच वर्षं दर आठवड्याला तासभर ज्यांच्यासमोर बसायचं, त्यांना आधी ईमेल करून एखादा ट्रायल लेसन मागा. बरेच जण देतात. तिथे सरळ विचारा की तुमचे किती विद्यार्थी दुहेरी पदवी करतात. उत्तर देताना कपाळाला आठी पडली तर कॉलेज कितीही चांगलं असो, तो स्टुडिओ, म्हणजे त्या शिक्षकाचा विद्यार्थीवर्ग, तुमचा नाही.

मन अजून ठरत नसेल तर माझं मत ओबर्लिन किंवा लॉरेन्सला. एक पदवी सोडावी लागली तरी मित्र आणि खोली तीच राहते. ऑडिशनआधीची रेकॉर्डिंग्ज बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला द्यावी लागतात, तेव्हा साथीला पियानोवादक ऑक्टोबरमध्येच गाठून ठेवा.