चोरी, लाच आणि जबाबदारीचं इंग्रजी: उजळणी वहीतून करावी की पेपरातून?

परीक्षा महिन्यावर आली की गुन्हे, प्रामाणिकपणा आणि जबाबदारी या विषयांवरचं इंग्रजी घासूनपुसून घेण्यासाठी मुलं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण शब्दांची वही काढतात, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अर्थ. बाकीचे इंग्रजी पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचतात. मी शिकवण्या घेतो, त्यामुळे दोन्हीकडचे घोटाळे रोज तपासायला येतात.

वहीत अर्थ मिळतो, पण क्रियापदाला चिकटलेलं शब्दयोगी अव्यय गळून पडतं. 'अक्यूज म्हणजे आरोप करणे' एवढंच पाठ असेल, तर डोक्यात 'त्याच्यावर आरोप' असतो आणि कागदावर 'अक्यूज्ड ऑन थेफ्ट' उतरतं. पेपरात हे शब्द जोडीनंच भेटतात: अक्यूज्ड ऑफ, चार्ज्ड विथ, अरेस्टेड फॉर, सेन्टेन्स्ड टू. 'लुटणे'चंही तसंच. आपण बँकही लुटतो आणि दहा लाखही लुटतो. इंग्रजीत 'रॉब' होते ती बँक किंवा माणूस. पैसे 'स्टील' होतात.

माझ्याकडच्या एका मुलीनं प्रामाणिक कारकुनावर निबंध लिहिला होता. 'त्याने लाच नाकारली' या वाक्यासाठी तिनं लिहिलं, 'ही डिनाइड द ब्राइब'. वहीत 'डिनाय = नाकारणे' होतंच, चूक शोधायला जागाच नव्हती. पण इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, 'लाच घेतलीच नाही, असं तो म्हणतोय'. बिचारा सज्जन कारकून एका शब्दानं संशयित झाला! लाच 'रिफ्यूज' करायची, आरोप 'डिनाय' करायचा. मराठीचं 'नाकारणे' दोन्हीकडे चालतं म्हणून हा खड्डा दिसत नाही. पेपरात 'डिनाइड द चार्जेस' चारदा वाचलेला मुलगा सहसा यात पडत नाही.

म्हणून पेपरच बरा? पूर्णपणे नाही. मथळ्यांचं व्याकरण फसवं असतं. 'टू हेल्ड फॉर थेफ्ट' यातला 'वेअर' गाळलेला असतो; नवखा वाचक 'दोघांनी धरलं' असा अर्थ लावतो. मथळा सोडून खालची बातमी वाचावी. शिवाय आपल्या पेपरांची इंग्रजी आपल्याच मातीतली. 'डेकॉइटी' हा शब्द इथूनच इंग्रजीत गेला. आपल्या कायद्यात पाच किंवा अधिक जण मिळून करतात तो दरोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही अट कायम आहे. इथल्या स्पर्धा परीक्षेत तो शब्द शोभतो. आयेल्ट्स या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेतल्या किमान २५० शब्दी निबंधात मात्र साधं 'रॉबरी' लिहावं.

प्रामाणिकपणा आणि जबाबदारी यांच्यासाठी पेपर फारसा कामाचा नाही. तिथे वहीच. नकारार्थी उपसर्ग एका पानावर शेजारी शेजारी मांडले की लक्षात राहतात: डिसऑनेस्ट, इर्रिस्पॉन्सिबल, इल्लीगल. 'ऑनेस्ट'मधला एच मुका, म्हणून आधी 'ॲन', हेही तिथेच लिहून टाकावं. 'सांगायला हवं होतं'साठी 'शुड हॅव टोल्ड' हवं; अशी वाक्यं चोरीच्या बातमीत क्वचितच सापडतात. आणि 'याला जबाबदार कोण?' यातल्या 'ला'मुळे मुलं 'रिस्पॉन्सिबल टू' लिहितात. घडलेल्या गोष्टीसाठी 'फॉर'. 'टू' येतो तो ज्याला उत्तर द्यायचं त्या साहेबासाठी.

महिना हातात असेल तर पहिले तीन आठवडे रोज एक बातमी मोठ्यानं वाचा, शेवटचा आठवडा वही. आठच दिवस उरले असतील तर वहीच घ्या. फक्त उजवीकडचा मराठी अर्थ खोडून तिथे अख्खं इंग्रजी वाक्य लिहा.