सिपोरॅक्सच्या नावाखाली सिपोरेक्स: रीफ टँकच्या संपमध्ये गेलेला भिंतीचा ब्लॉक

आधी नावांचा घोळ समजून घ्या, कारण सगळी लबाडी त्यातच आहे. सिपोरॅक्स हा जर्मनीच्या सेरा कंपनीचा फिल्टर मीडिया, म्हणजे माशांच्या टँकचं पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना राहायला दिलेली छिद्रांची जागा. काचेची पूड भट्टीत जेमतेम चिकटेल इतकी तापवून केलेल्या पांढऱ्या पोकळ नळकांड्या, म्हणजे रिंगा. सिपोरेक्स हे भिंतीच्या हलक्या ब्लॉकचं नाव. मूळ नाव एका कंपनीचं असलं तरी आपल्याकडे गवंडी कुठल्याही एएसी (फुगवलेल्या हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतो. फरक एका मात्रेचा, फोनवर बोलताना तोही ऐकू येत नाही.

सोलापुरात खाऱ्या पाण्याचे, प्रवाळांचे (रीफ) टँक ठेवणारे फार नाहीत. सामान पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतं आणि हातात पडेपर्यंत ते नक्की काय आहे हे कुणालाच बघायला मिळत नाही. अशा ठिकाणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "सिपोरॅक्स ब्लॉक, बल्क पॅकिंग" विकणारा गाठ पडला. पारदर्शक पिशवीत दोन इंची १६ ठोकळे, वर जर्मनीच्या झेंड्याचं स्टिकर, पाकीट १,८०० रुपये. बिल नाही, पैसे वैयक्तिक नंबरवर यूपीआयने. चार पाकिटं घेतली गेली, म्हणजे ७,२०० रुपये आणि ६४ ठोकळे.

आता बाजारभाव बघा. ६०० × २०० × १०० मिलिमीटरचा एक एएसी ब्लॉक बांधकाम साहित्याच्या दुकानात साठ-सत्तर रुपयांना मिळतो. त्याचे दोन इंची तुकडे पाडले तर लांबीत १२, रुंदीत ४, जाडीत २, असे ९६ होतात. म्हणजे बरोबर सहा पाकिटं, १०,८०० रुपये. करवतीत थोडी घट धरा, स्टिकरचा खर्च धरा, तरी उरतं ते उरतंच. सोलापूरकराला खोट्या लेबलाचं नवल नसावं. बाहेरगावी 'सोलापुरी' म्हणून कसल्या कसल्या चादरी खपतात ते आपण बघतोच. इथे फक्त आपण गिऱ्हाईक होतो.

विकणारा अडाणी नव्हता, हे मुद्दाम सांगतो. अमोनियाचं नायट्राइट कसं होतं, नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं, त्याला ऑक्सिजन का लागतो, आणि खोल छिद्रांत ऑक्सिजन संपला की नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन कसा निघून जातो, हे त्याने बिनचूक सांगितलं. नव्वद टक्के खरं बोलला म्हणून उरलेलं दहा टक्के पचलं. ठोकळे पाण्यावर तरंगतात असं कळवल्यावर उत्तर आलं, "मालक, तरंगतंय म्हणजेच ओरिजिनल. आत एवढी छिद्रं आहेत म्हणून तर हलकं आहे."

हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच थांबवा. मीडियाच्या कामाला येतात ती एकमेकांना जोडलेली, उघडी छिद्रं. खरी रिंग बादलीत टाकली की बारीक बुडबुड्यांची रेघ सोडत खाली जाते, कारण हवा बाहेर येते आणि तिची जागा पाणी घेतं. फार तर एखादी रिंग थोडा वेळ रेंगाळते. एएसीचं तसं नाही. फ्लाय ॲश (फताटेवाडीच्या वीज केंद्रामुळे ही राख आपल्याकडे वेगळी सांगायला नको), सिमेंट, चुना आणि थोडं जिप्सम यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, आणि मग दाबाच्या वाफेत ते पक्कं करतात. हे फुगे बहुतेक एकेकटे, भिंत घालून बंद झालेले असतात. भिंतीसाठी तेच हवं असतं, ऊन आत येत नाही. पण ज्या छिद्रात पाणीच पोचत नाही तिथे जिवाणू काय करणार? रात्रभर पाण्यात दाबून ठेवलेला ठोकळा सकाळी विळीवर ठेवून मधोमध फोडला, तर बाहेरचा थर ओला राखाडी आणि मधे कोरडा, पांढुरका गाभा. चार दिवसांनी दुसरा फोडला, गाभा लहान झालेला, पण होताच.

टँक चार फुटी, संप (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून पाणी साधारण ३०० लिटर. विकणाऱ्याच्या सल्ल्याने संपमधला जुना लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती असलेला दगड) निम्मा काढून त्या जागी ठोकळे ठेवले गेले, आणि नुकसान मुख्यतः इथे झालं. ठोकळे टाकण्याआधी पीएच ८.२, केएच (पीएच सांभाळणारे कार्बोनेट) ८.५, कॅल्शियम ४३० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). दुसऱ्या दिवशी सकाळी पीएच ८.६, केएच १० च्या वर. म्हणजे ब्लॉकमधला उरलेला चुना पाण्यात उतरत होता. चौथ्या दिवशी उलटं: केएच ७ च्या खाली, कॅल्शियम ४०० च्या आसपास, आणि हीटरवर व रिटर्न पंपाच्या (संपमधून पाणी वर टँकमध्ये ढकलणाऱ्या) जाळीवर पांढरी खरपुडी. पीएच चढला की पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन गरम भागावर आधी बसतं. केएच पडला म्हणून वरून बफर (केएच वाढवणारी पावडर) ओतला तर ही खरपुडी आणखी वाढते, हे लक्षात ठेवा.

पण मासे धापा टाकत होते ते केएचमुळे नाही. निम्मा रॉक गेल्यामुळे जिवाणू निम्मे गेले, अमोनिया ०.५ पीपीएम दिसायला लागला. एरवी एवढ्यावर लगेच हाहाकार होत नाही. मात्र अमोनियाचा विषारी हिस्सा पीएचवर ठरतो. २६ अंशाला ८.१ वरून ८.६ वर गेलात की तो जवळपास तिप्पट होतो. टेस्ट किट एकूण अमोनिया दाखवतं, त्यामुळे आकडा तोच दिसतो आणि विष तिप्पट असतं. क्लाउनफिश पृष्ठभागावर आले, लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) मिटून मेणचट झालं. पाण्यात ॲल्युमिनियम उतरलं की लेदर कोरल असं मिटतं, हा रीफवाल्यांचा जुना अनुभव. इथे कारण ते, चुना की दोन्ही, हे प्रयोगशाळेत पाणी पाठवल्याशिवाय ठरवता येत नाही.

उपाय काय केला तेही लिहितो, कारण अशा वेळी घाईत माणूस आणखी बिघडवतो. ठोकळे सगळे एकदम बाहेर काढले; त्यांच्यावर चार दिवसांत काही वसाहत झालेली नव्हती, त्यामुळे तोटा नाही. काढलेला रॉक नशिबाने खाऱ्या पाण्याच्या बादलीत पंप लावून ठेवलेला होता, तो परत गेला. रोज २० टक्के पाणी बदललं, तेही नव्या पाण्याचा खारटपणा ३५ (हजारात ३५ भाग मीठ) आणि तापमान जुळवून. पीएच खाली आणायला व्हिनेगर ओतलं नाही. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि हवेने तो दोन दिवसांत आपोआप उतरला. रिटर्न पंप उघडला तेव्हा इंपेलरच्या (पंपाच्या फिरत्या पात्याच्या) खोबणीत वाळूसारखा राखाडी चुरा बसलेला होता. सिरॅमिकचा दांडा त्याने घासला गेला, तो बदलावा लागला.

लबाडी उघडी पडली ती मात्र एका ठोकळ्यामुळे. धुतल्यावर त्याच्या एका बाजूला निळसर शाईच्या दोन अर्धवट अक्षरांचा ठसा दिसला, कारखान्यात ब्लॉकवर मारतात तसा. शेजारच्या बाजूला गवंड्याच्या पेन्सिलीची सरळ रेघ.

घरी तपासायचं तर चार गोष्टी पुरतात, आणि त्या मीडिया टँकमध्ये जाण्यापूर्वी करायच्या. पहिली बादलीची, ती वर आली. दुसरी नखाची: एएसी नखाने किंवा नाण्याने खरवडलं की पीठ पडतं, काचेच्या रिंगेवर नखच झिजतं आणि दोन रिंगा एकमेकींवर आपटल्या की कपबशीसारखा आवाज येतो. तिसरी व्हिनेगरची. दोन थेंबांनी काचेला काही होत नाही. एएसीवर बारीक फेस येऊ शकतो, आणि तुकडा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला तर कडा भुसभुशीत होतात. फेस आला नाही म्हणून माल खरा, असं मात्र धरू नका. चौथी सगळ्यात खात्रीची. एक लिटर आरओ पाणी घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा, त्यात एक तुकडा टाकून २४ तास झाकून ठेवा. आमच्याकडे ४ चं पाणी तीन आकड्यांत गेलं. पीएच किटचा रंग तर ८.८ च्या शेवटच्या पट्टीपलीकडे गेला, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तो युनिव्हर्सल इंडिकेटर कागद लावावा लागला. खऱ्या रिंगांनी त्याच पाण्यात किरकोळ फरक पडला.

या चाचणीत एक अडचण खास आपल्याकडची. घरच्या आरओ मशिनला चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते शुद्ध पाण्यात थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळतं. बोअरच्या जड पाण्यावर तर हा आकडा सहज शंभरावर जातो. कंट्रोलर पूर्ण बंद करा, पाणी मेंब्रेननंतर लगेच घ्या, आणि टँकसाठी पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) लावा. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून हौदात साठवलेलं असतं. क्लोरीन उडालं असेल या भरवशावर राहू नका, कार्बन फिल्टर वेळेवर बदला.

खरा मीडिया मिळाल्यावरही मांडणी चुकली तर पैसे पाण्यात, म्हणून थोडं त्याबद्दल. प्रमाण साधारण २०० लिटरला एक लिटर रिंगा. ३०० लिटरला दीड-दोन लिटर भरपूर. आठ लिटर ठोकळे विकणाऱ्याने इथेही आपला धंदाच बघितला होता. रिंगा आरओ पाण्यात एक दिवस भिजवून, हाताने हलवून धुवा. जागा फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) आणि स्किमर यांच्या नंतर, रिटर्न पंपाच्या आधी. सॉकच्या आधी ठेवल्या की खाण्याचा गाळ छिद्रांवर बसतो, छिद्रं बुजतात आणि त्या नायट्रेट कमी करण्याऐवजी त्याचा कारखाना होतात. तळाशी एग क्रेटची (चौकोनी घरांची प्लास्टिकची) जाळी, खाली निदान एक इंच मोकळं, म्हणजे महिन्यातून एकदा लहान पंपाने फवारा मारून गाळ उडवता येतो. पिशवीत गच्च बांधू नका, पाणी सोप्या वाटेने कडेनेच निघून जातं. प्रवाह संथ पण सतत हवा. उजेड नको, नाहीतर शेवाळ चढतं. रिंगा कधीही नळाखाली धुवायच्या नाहीत. पाणी बदलताना काढलेल्या जुन्या पाण्यात, एका वेळी एक तृतीयांशच खळबळायच्या.

आणि जुना रॉक एकदम काढायचा नाही, कुणीही कितीही सांगो. नवा मीडिया त्याच्या शेजारी ठेवा, सहा-आठ आठवडे जाऊ द्या, मग दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा रॉक उचला आणि प्रत्येक वेळी पुढचे तीन दिवस अमोनिया, नायट्राइट मोजा. नायट्रेट उतरायला तर कित्येक महिने लागतात. "आठवड्यात नायट्रेट शून्य" म्हणणारा बाटलीतले जिवाणू सोबत खपवतोय असं समजा.

याच माणसाने पाचव्या पाकिटात "नॅचरल मीडिया" म्हणून पांढरे हाडासारखे तुकडे देऊ केले होते. त्यावर चांदणीच्या आकाराची छोटी घरं दिसत असतील तर तो दगडी प्रवाळाचा सांगाडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे; मेलेला असला तरी बाळगणं, विकणं गुन्हाच. इथे फसवणूक पैशाची राहत नाही, पोलिसांच्या पंचनाम्यात विकत घेणाऱ्याचं नाव येतं. फुकट दिला तरी घेऊ नका.

पैसे परत मिळवायचे तर पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ, स्टिकरचा फोटो, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक एवढं जपा. "सिपोरॅक्स" हा शब्द विकणाऱ्याने लेखी लिहिलेला संदेश सगळ्यात महत्त्वाचा, फोनवर बोललेलं असेल तर "तुम्ही पाठवलेला माल काचेचा सिपोरॅक्सच ना?" असं विचारून उत्तर लेखी मागवा. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन, ग्राहक म्हणून तक्रार १९१५ वर. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आमच्या प्रकरणात लेखी विचारणा गेल्यावर ७,२०० पैकी ३,६०० परत आले आणि नंबर ब्लॉक झाला. उरलेल्या पैशांसाठी पुरावा म्हणून दोन न फोडलेले ठोकळे, शाईच्या ठशाचा तो एक आणि स्टिकरसकट रिकामी पिशवी वेगळ्या डब्यात तारीख घालून ठेवली आहेत.