बेल्टवाला टर्नटेबल, वर्षभर वापरून: आवाज उत्तम, पण वेग तपासून घ्या

सर्व्हिस सेंटरवाल्याने परवा पुन्हा "साहेब, वेगातला एवढा फरक कानाला कळत नाही" म्हणून फोन ठेवला, म्हणून हे लिहायला बसलो. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), आतच प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा), तीन वेग (मिनिटाला 33⅓, 45 आणि 78 फेऱ्या). झाकण जरा तकलादू आहे, बाकी बांधणी चांगली. माझा मुद्दा वेगाचा आहे.

33⅓ ची रेकॉर्ड हा टर्नटेबल दोन टक्के जास्त वेगाने फिरवतो. हे पहिल्यांदा आत्याच्या लक्षात आलं. नाट्यसंगीताची एलपी लावली होती, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "हा गवई एवढी घाई का करतोय रे?" पेटीवर पाहिलं तर पट्टी चढलेली.

आता जुन्या रेकॉर्डची पट्टी आपल्या पेटीशी जुळलीच पाहिजे असं नाही, आणि सर्व्हिसवाल्याने तेच धरून ठेवलं. म्हणून पेटी बाजूला ठेवली आणि कागदावर छापलेली स्ट्रोब चकती (वेग तपासायची, गोलाकार समान रेघांची) लावली. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मिणमिणते. तिच्या उजेडात 180 रेघांची चकती बरोबर 33⅓ ने फिरली, तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. (एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा नुसता करडा पट्टा दिसतो, ट्यूबच शोधा.) माझ्याकडे सेकंदाला दोन रेघा पुढे पळत होत्या. बरोबर वेगात सेकंदाला शंभर रेघा सरकतात, म्हणून एक रेघ म्हणजे एक टक्का.

दोन टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आपल्या संगीतातलं बारीक स्वरांतर, प्रमाणश्रुती, 81/80, म्हणजे सव्वा टक्का. हा फरक तिच्याहूनही मोठा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) लावणारे कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि अख्खा नाद बदलतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले, तिथून दहा किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला "कानाला कळत नाही" सांगायचं?

उपाय काय, तर पुण्याला घेऊन या. जाण्यायेण्याचा खर्च माझा, पॅकिंग माझं, दुरुस्त होईल याची हमी नाही. त्या पैशात दोन चांगल्या एलपी येतात. नाही नेला.

(दोन दिवसांनी पुढे लिहितोय.) मशीन घेऊ नका असं सांगून थांबणार होतो, पण काल इथल्या, सांगलीच्या विश्रामबागेतल्या ओळखीच्या रेडिओ मेकॅनिककाकांना दाखवलं. त्यांनी खालची प्लेट काढली. मोटरच्या पाठीवर दोन बारीक भोकं, आत एकेक स्क्रू: एक 33 चा, एक 45 चा. रेकॉर्ड फिरती ठेवून काकांनी घड्याळजीच्या पेचकसाने पहिला स्क्रू किंचित वळवला. रेघा मंदावल्या, थोड्या मागे सरकल्या, मग थांबल्या. चहाशिवाय काही घेतलं नाही त्यांनी. संध्याकाळी तीच एलपी लावली, आत्या पूर्ण बाजू ऐकत बसली.

म्हणजे मशीन चांगलंच आहे. राग याचा येतो की ही गोष्ट फोनवर सांगता आली असती. मात्र वॉरंटीचं सील तुटतं, ते बघून घ्या. माझी वॉरंटी संपतच आली होती.

आवाजाबद्दल काही तक्रार नाही. 2019 च्या महापुरात कव्हरं कुजलेल्या एलपी मी जुन्या सामानवाल्याकडून स्वस्तात उचलल्या होत्या, खाचांत गाळ बसलेल्या. लेबल कोरडं ठेवून डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रशने धुतल्या, रात्रभर उभ्या वाळवल्या. सुरुवातीची थोडी खरखर सोडली तर तानपुऱ्याचा झंकार मागे स्वच्छ ऐकू येतो. व्हिनाइल पाण्याला दाद देत नाही.

78 च्या तबकड्या मात्र यावर लावू नका, बटण असलं तरी. त्यांची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते, सोबतची सुई तळाशी जाऊन नुसती घासत बसते. वेगळी सुई घ्यावी लागते, बॉक्समध्ये ती नाही. आणि लाखेच्या त्या तबकड्या स्पिरिटने कधीच पुसायच्या नाहीत, लाख त्यात विरघळते. आजोबांच्या ठेवणीतल्या तबकड्यांसाठी मी रुंद सुई मागवली आहे. ती बसवल्यावर 78 चा वेगही त्याच ट्यूबखाली, 77 रेघांच्या चकतीवर तपासणार आहे.