जुन्या गाडीचं वायरिंग: जुनंच जोडायचं, तयार आणायचं की फळीवर नवं बांधायचं?

दुकानात भाव विचारण्याआधी एक ब्लेड घ्या. बॅटरीची केबल सोडवा आणि तीन जागी वायरचं कव्हर सोला: हेडलाइटच्या कपलरपाशी, वायरी डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून आत शिरतात त्या रबरापाशी, आणि डिकीत टेललॅम्पच्या मागे. टोकाचं तांबं काळं असणारच, ते मनावर घेऊ नका. वीतभर आत काय दिसतं ते बघा. तिथे तांबं लालसर निघालं तर डागडुजीला अर्थ आहे. तिथेही काळं किंवा हिरवट असेल, तर त्यावर कितीही चांगलं टर्मिनल बसवा, तोच दिवा पुन्हा मिणमिणणार.

गोव्यात हे लवकर होतं. वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर खारी हवा, आणि गाडी बहुधा पडवीत किंवा माडाखाली उभी. उघड्या टोकातून ओल बारीक तारांच्या फटींमधून आत चढत जाते. कव्हर बाहेरून मात्र ठणठणीत दिसतं. काळ्या तांब्याला झाळ धरत नाही, क्रिम्पमध्ये, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून केलेल्या जोडात, रोध वाढतो, जोड तापतो, आणि तापलेला जोड आणखी काळा पडतो.

जुन्याची डागडुजी

हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा एकत्र गुंडाळलेला, फांद्या फुटलेला जुडगा. त्याचा पुढचा भाग, इंजिनाजवळचा आणि हेडलाइटचा, उष्णता, तेल, पाणी आणि उंदीर यांच्यामुळे आधी जातो. कार्पेटखालून डिकीकडे जाणारा भाग अनेकदा चांगला राहतो. ब्रिटिश पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा आणि मागचा हार्नेस बुलेट (गोळीच्या आकाराच्या) कनेक्टरांनी जोडलेले वेगळे भाग असतात. अशा गाडीत पुढचा नवा आणि मागचा तोच, ही वाटणी अगदी शहाणपणाची.

गडबड होते ती सांध्यांमुळे. वायर पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, झालं, असे सांधे जुन्या गाडीत ढिगाने सापडतात. एप्रिल-मेच्या उन्हात साध्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि चिकट डिंकात धूळ बसते. एकाच फांदीत असे चार-पाच सांधे असतील तर ती फांदी मुळापासून बदला. पाचांचे सहा करू नका. सांधा द्यावाच लागला तर उघड्या बॅरलचा स्प्लाइस (दोन वायरी जोडणारी धातूची पट्टी) दाबून त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी चढवा. आधी झाळून मग दाबणं चूक आहे: झाळ तारांमध्ये शिरून वायरचा तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी वायर नेमकी त्या कडेला तुटते.

तयार हार्नेस

इथे गाडी कोणती, यावर सगळं ठरतं.

पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर असेल तर मुंबईला ऑपेरा हाउसच्या भागात किंवा दिल्लीला काश्मिरी गेटला स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. ऑर्डर देताना नुसतं ‘पद्मिनीचा हार्नेस’ म्हणून चालत नाही. डायनॅमो आहे की आल्टरनेटर, गिअर स्टिअरिंगवर आहे की खाली, पेट्रोल की डिझेल, हे सांगावं लागतं. अॅम्बेसेडरचंही तेच: मार्क २ चा हार्नेस इसुझू इंजिनाच्या १८०० आयएसझेडला बसणार नाही. जुन्या हार्नेसचा फोटो, कपलरच्या पिना मोजून, सोबत पाठवलात तर परत पाठवण्याचा फेरा वाचतो.

अशा हार्नेसची लांबी सहसा जमते. कमी पडतो तो माल. वायर हवी त्यापेक्षा बारीक, टर्मिनल पितळेचं पण पातळ, आणि क्रिम्प नुसता चेपलेला. आल्यावर प्रत्येक टर्मिनल बोटांनी नेटाने ओढून बघा. जे निघेल ते नवं दाबा. हेडलाइटच्या आणि चार्जिंगच्या वायरीची जाडी मोजा. एवढं केलंत तर या दोन गाड्यांसाठी हाच सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग आहे, आणि पुढे कोणताही इलेक्ट्रिशियन त्यात हात घालू शकतो.

मॉरिस मायनर किंवा हेरल्डसारख्या इंग्लिश गाडीसाठी इंग्लंडहून मूळ रंगसंगतीचा, १९५० च्या दशकातल्या गाड्यांना सुती वेष्टणाचासुद्धा, हार्नेस मिळतो. माल उत्तम असतो. किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरा, मग ठरवा. रॅलीत मूळपणाला गुण असतील तर पैसे सार्थकी लागतात. जुन्या मॉरिसांत पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. हार्नेसला त्याने फरक पडत नाही, पण रेडिओ, आल्टरनेटर आणि कॉइलची जोडणी यांना पडतो.

बीटलवाल्यांनी जपून. बाहेरून येणारे बहुतेक हार्नेस डाव्या स्टिअरिंगसाठी कापलेले असतात. तुमची गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल तर डॅशबोर्डच्या फांद्या नेमक्या उलट्या बाजूला आखूड पडतात. शिवाय जुन्या बीटल ६ व्होल्टच्या. तेवढ्याच वॉटला दुप्पट अँपिअर लागतात: ४५ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर पावणेचार, ६ व्होल्टवर साडेसात. बॅटरी मागच्या सीटखाली, दिवे पुढच्या टोकाला. १२ व्होल्टच्या मापाची वायर तिथे टाकलीत तर दिवा पिवळाच राहील.

गोऱ्यांच्या हॉट रॉडसाठी (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांसाठी) बनतात ते ‘युनिव्हर्सल किट’ थोडक्यात निकालात काढता येईल. फ्यूज बॉक्स छान, वायर छान, पण बहुतेक फांद्या आपल्या गाडीला लागत नाहीत आणि स्विचची टर्मिनलं जुळत नाहीत. मूळ स्विच ठेवायचे असतील तर घेऊ नका.

फळीवर नवा

दुर्मीळ गाडी, जुना हार्नेस पूर्ण मेलेला, किंवा डायनॅमोऐवजी आल्टरनेटर, हॅलोजन, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असे बदल करायचे असतील, तर स्वतः बांधण्यासारखं दुसरं काही नाही. वेळ लागतो. जूनमध्ये गाडी आत घेतलीत आणि शनिवार-रविवार दिलात तर गणेशचवथीपर्यंत उरकावं.

पहिला नियम: जुना हार्नेस कापून काढू नका. प्रत्येक टोकाला, स्विच सुटण्याआधी, कागदी चिठ्ठी बांधा: ‘डिपर स्विच, मधली पिन’ इतकं स्पष्ट. फोटो हवेतच, पण फोटोत निळा आणि जांभळा सारखाच दिसतो. मग अख्खा हार्नेस एका तुकड्यात बाहेर काढा.

आठ बाय चारच्या प्लायवर तो पसरून प्रत्येक फांदी फुटते तिथे खिळे ठोका आणि बाह्यरेषा काढा. प्लाय साधारण २.४४ मीटर लांब, गाडी त्याहून कितीतरी लांब. मागची फांदी एकदा दुमडून आखा आणि दुमडीवर तसं लिहून ठेवा. इथेच लोक फसतात: दुमडीचं वळण मोजायचं राहतं आणि टेललॅम्पला वायर चार बोटं कमी पडते. प्रत्येक वायर १५० मिमी जास्त कापा.

साध्या चार दरवाजांच्या गाडीला लागणाऱ्या सामानाचा अंदाज: १ चौरस मिमीची वायर ६० ते ७० मीटर (इंडिकेटर, टेल, ब्रेक, मीटर), १.५ ची २० ते २५ (वायपर, इग्निशन), २.५ ची १५ (हेडलाइट), चार्जिंगसाठी ४ किंवा ६ ची पाच-सहा मीटर. ६.३ मिमीची चपटी टर्मिनलं स्लीव्हसकट शंभर, बुलेट चाळीस, गोल थिंबल वीस. गुंडाळायला गोंद नसलेली लूम टेप, २५ मीटरचे तीन-चार रोल. वायरच्या भारासाठी जुना ब्रिटिश हिशेब पुरतो: १ चौरस मिमीला पावणेनऊ अँपिअर, २ ला साडेसतरा. डायनॅमो २२ अँपिअरचा होता आणि तुम्ही मोठा आल्टरनेटर लावताय, तर अँमीटरपर्यंतची (डॅशबोर्डवरच्या करंटच्या मीटरपर्यंतची) जुनी वायर तशीच ठेवू नका, ती तापेल.

वायर ऑटो केबलच घ्या. घरगुती वायर बाजारात हाताशी असते म्हणून वापरली जाते, पण तिचं कव्हर ७० अंशांचं. इंजिनाजवळ, तेल-पेट्रोलच्या शेजारी, ते आधी कडक होतं आणि मग तडकतं. गोव्यात एक फायदा आहे: बोटींच्या सामानात कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळते. पुढच्या भागाला आणि सगळ्या अर्थला ती वापरलीत तर काळं पडण्याचं दुखणं बरंच लांबतं. रंग मात्र दोन-चारच मिळतात.

रंगांचा प्रश्न खरा. म्हापसा-मडगावच्या दुकानात लाल, काळी, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी मिळेल. रेघेची वायर क्वचित. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे इग्निशन, हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून, लाल पार्किंग आणि टेल, निळी-पांढरी हेडलाइटचा वरचा झोत, निळी-लाल खालचा, काळी अर्थ. रेघेच्या वायरी मुंबईहून मागवता येतात. ते जमत नसेल तर प्रत्येक टोकाला आकडा छापलेली फेरूल (छोटी नळी) घाला, कंट्रोल पॅनेलमध्ये असते तशी. पॅनेल बनवणारे ती छापून देतात. आणि आकड्यांची यादी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. सगळी वायर लालच वापरून ‘मला आठवतंय’ म्हणणाऱ्याची गाडी पुढचा इलेक्ट्रिशियन हातात घेत नाही.

क्रिम्पला उघड्या बॅरलची पक्कड हवी, चपट्या जबड्याची साधी पक्कड नव्हे. टर्मिनलला दोन जोड्या पंख असतात. आतली जोडी तारांवर बसते, बाहेरची कव्हरवर. नीट दाबलेल्या क्रिम्पमध्ये आतले दोन पंख मध्ये वळून तारांत रुतलेले दिसतात, इंग्रजी ‘बी’ आडवा पडल्यासारखे. एकही तार बाहेर लोंबत नाही. कव्हर आतल्या पंखाखाली शिरलं असेल तर क्रिम्प घट्ट दिसेल, पण तांब्याला धरलेलंच नसेल. आधी वीस टर्मिनलं टाकाऊ वायरवर दाबून ओढून पाहा.

गुंडाळायची घाई नको. आधी कापडाच्या दोऱ्याने किंवा झिप टायने बांधा, गाडीत घालून बघा, सगळं चालू होऊ द्या, मग टेप.

तिन्ही पर्यायांना लागू

अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी गाडीच्या पत्र्याशी जोडणी. गाडी नुकतीच रंगवली असेल तर अर्थच्या जागीही रंग बसलेला असतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लुकलुकतो, हे लक्षण त्याचंच: करंटला परतीचा रस्ता न मिळाल्याने तो शेजारच्या बल्बमधून जातो. पत्रा चकचकीत खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. शक्य तिथे प्रत्येक दिव्याला स्वतःची काळी वायर.

हेडलाइट. दोन ६० वॉटचे बल्ब म्हणजे १० अँपिअर. १.५ चौरस मिमीची ४ मीटर वायर त्यावर जवळजवळ अर्धा व्होल्ट खाते, २.५ ची पावपेक्षा किंचित जास्त. जुना स्विच आणि डिपर आणखी खातात. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणून दोन रिले लावा, एक वरच्या झोताला, एक खालच्या, प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज. रिलेचा पुरवठा आल्टरनेटरकडून घ्या. अँमीटर असलेल्या गाडीत तो थेट बॅटरीवरून घेतला तर दिवे लावताच अँमीटर १० अँपिअर चार्जिंग दाखवतो आणि बॅटरीत प्रत्यक्षात काहीच जात नाही.

ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो सतत १७ अँपिअरच झेपवतो. दुसऱ्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज तिथे घातलात तर फ्यूजच्या आधी वायर वितळेल.

व्हिंटेज नोंदणीची काळजी अनेकांना असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी मोठे बदल म्हणून चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. नवं वायरिंग त्यात नाही.

तर कोणी काय करावं? मागचा अर्धा भाग चांगला असलेली कोणतीही गाडी: पुढचाच बदला. पद्मिनी, अॅम्बेसेडर: तयार घ्या, टर्मिनलं तपासा. रॅलीची इंग्लिश गाडी: इंग्लंडहून. उजव्या स्टिअरिंगची बीटल, विलीज जीप, डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवलेली गाडी: फळी. क्रिम्पिंगची पक्कड विकत घ्यायची तयारी नसेल तर फळीच्या वाटेला जाऊ नका.

पहिल्यांदा करंट सोडताना बॅटरीची केबल थेट लावू नका. बॅटरीचं टोक आणि केबल यांच्या मधे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घाला. सगळे स्विच बंद, दरवाजे बंद. बल्ब पूर्ण उजळला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणार नाही, वायर जळणार नाही. फ्यूज एकेक काढत जा. ज्याच्यामागे बल्ब विझेल ती फांदी. एकही फ्यूज काढून विझला नाही तर दोष फ्यूजच्या आधीच्या तपकिरी वायरीत, बहुधा इग्निशन स्विचच्या मागे.